प्रतिबंध हा शब्द जपून वापरावा

आयुर्वेदाच्या व्यवसायात 'प्रतिबंध' हा शब्द आपल्या ओठांवर सहज येतो. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन असल्याने तसे होणे स्वाभाविकही आहे. तथापि जो शब्द सहज उच्चारला जातो, तो बहुधा तपासला जात नाही. गेल्या काही महिन्यांत सभासदांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांनी हा विचार आमच्या मनात जागा केला.

पहिले पत्र एका तरुण वैद्यांचे. त्यांच्या एका रुग्णेच्या मुलाने त्यांच्यापुढे एक छापील कागद ठेवला आणि विचारले, "आईला पल्मनरी हायपरटेन्शन आहे. मला होऊ नये म्हणून ही पेप्टाइडची इंजेक्शने घेऊ का?" दुसरे पत्र एका फार्मसीचालकांचे. आपल्या श्वासहर कल्पाच्या वेष्टनावर 'फुप्फुसाच्या रक्तदाबास प्रतिबंधक' असे छापावे काय आणि त्यात 'नैसर्गिक पेप्टाइड' असल्याचा उल्लेख करावा काय, अशी त्यांची पृच्छा होती. तिसरे पत्र एका ज्येष्ठ वैद्यांचे. त्यांचा सूर विजयाचा होता. आतड्यात सापडणारे द्रव्य फुप्फुसावर कार्य करते हे आधुनिकांना आता कळले, आमच्या संहितांत ते पूर्वीच सांगितले आहे, असे त्यांचे म्हणणे. तिन्ही पत्रांना निरनिराळी उत्तरे देण्याऐवजी विषयाचा एकत्रित विचार येथे मांडावा, असे आम्हांस वाटले.

रोगाचे स्वरूप

दंडाला पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो, त्याहून फुप्फुसधमनीतील दाब निराळा. निरोगी मनुष्यात विश्रांतीच्या वेळी या धमनीतील सरासरी दाब सुमारे १४ मि.मी. पारा इतका अल्प असतो. हृदयाचा उजवा भाग एवढ्याच कामासाठी घडलेला, म्हणून त्याची भिंतही पातळ. फुप्फुसातील सूक्ष्म धमन्या आकसल्या, त्यांच्या भिंती जाड झाल्या किंवा त्या रक्ताच्या गुठळ्यांनी बुजल्या, की हा दाब वाढतो आणि उजवे हृदय हळूहळू थकते. १९७३ मध्ये जिनीव्हा येथे तज्ज्ञांनी २५ मि.मी. ही मर्यादा ठरविली होती. २०१८ च्या नीस येथील परिषदेने २० मि.मी.च्या वर असलेला दाब विकृत मानावा असे सुचविले आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूत्रांनी ते स्वीकारले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हा एक रोग नसून रोगांचा समूह आहे. काही रुग्णांत विकृती फुप्फुसधमन्यांतच असते. काहींत ती हृदयाच्या डाव्या भागाच्या रोगामुळे येते. काहींत फुप्फुसांच्या जुनाट रोगामुळे किंवा प्राणवायूच्या उणिवेमुळे. काहींत न विरघळलेल्या गुठळ्यांमुळे. आणि काहींत अन्य मिश्र कारणांनी. टू-डी इकोवरून संशय येतो. निश्चय मात्र उजव्या हृदयात कॅथेटर घालून दाब मोजल्यावरच होतो. ज्या व्याधीची निदाने इतकी भिन्न, त्या सर्वांस एकच 'प्रतिबंधक' द्रव्य असेल ही कल्पना हेतुविपरीत चिकित्सेचा विचार करणाऱ्या वैद्याला तरी पटू नये.

आमची एक चूक

इतरांस उपदेश करण्यापूर्वी आमच्या पदरची एक गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी ३४ वर्षे वयाच्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. जिना चढताना धाप, थकवा, मुखावर पांडुता. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी होते. आम्ही पांडु आणि तज्जन्य क्षुद्रश्वास असे निदान केले आणि लोहकल्प सुरू केले. हिमोग्लोबिन वाढले, धाप मात्र होती तशीच राहिली. त्या विसंगतीने आम्ही तेव्हाच थबकायला हवे होते. आम्ही कल्प बदलले, अनुपान बदलले. पाचव्या महिन्यात शाळेच्या जिन्यावर त्यांना मूर्च्छा आली. त्यानंतर झालेल्या तपासणीत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मजात छिद्र असल्याचे आणि फुप्फुसधमनीतील दाब फार वाढल्याचे आढळले. दाब या थराला गेल्यावर छिद्र बंद करणे हितावह राहत नाही, असे हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले.

ते छिद्र त्यांच्या बालपणी सापडते, तर बहुधा हा रोग उद्भवलाच नसता. आमचे पाच महिने त्या तीस वर्षांपुढे थोडे होते, हे खरे. पण ते पाच महिने आमच्या हातचे होते. या रोगात प्रतिबंध म्हणजे काय, हे आम्ही त्या प्रसंगाने शिकलो. म्हणून कोणी इंजेक्शनच्या कुपीवर किंवा चूर्णाच्या डबीवर तो शब्द लिहू लागला, की आम्ही सावध होतो.

पेप्टाइड म्हणजे काय

अमिनो आम्लांच्या आखूड साखळीला पेप्टाइड म्हणतात. साखळी लांब झाली की तिला प्रथिन ही संज्ञा मिळते. इन्सुलिन हे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. शरीरातील अनेक पेप्टाइडे रक्तवाहिन्यांना संदेश देतात: काही आकुंचनाचा, काही प्रसरणाचा. १९८८ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथे यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एंडोथेलिन' हे २१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड शोधले. ते धमन्यांना तीव्रतेने आकसवते. त्याचे कार्य रोखणारी 'बोसेन्टान' ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत संमत झाली आणि पुढे जगभर वापरात आली. पेप्टाइडांच्या अभ्यासातून रुग्णांना लाभ झालेला नाही, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. मात्र त्या वेळी लाभ झाला तो पेप्टाइड देऊन नव्हे, तर पेप्टाइडाला अडवून.

दुसऱ्या बाजूला प्रसरण करणारी पेप्टाइडे आहेत. त्यांत 'व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड' हे प्रमुख. मूळचे इजिप्तचे फुप्फुसरोगतज्ज्ञ सामी सैद यांना फुप्फुसाच्या अर्कात धमनी सैल करणारे काही द्रव्य असल्याचा संशय होता. त्याचा शोध घेत ते स्टॉकहोम येथे व्हिक्टर मुट यांच्याकडे गेले आणि १९७० मध्ये या दोघांनी डुकराच्या आतड्यातून २८ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे २००७ मध्ये सैद यांच्याच गटाने दाखविले की, जन्मतः हे पेप्टाइड नसलेल्या उंदरांत फुप्फुसधमनीतील दाब वाढतो. ॲड्रेनोमेड्युलिन, घ्रेलिन, अपेलिन अशी आणखीही पेप्टाइडे या दृष्टीने तपासली गेली. कल्पना मोहक आहे: शरीराचेच द्रव्य, शरीरालाच परत द्यायचे.

अडचण अशी की, रक्तात या पेप्टाइडाचे आयुष्य एकदोन मिनिटांचे असते. शिरेतून दिल्यास ते सर्व शरीरातील रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तदाब खाली आणते. तोंडाने घेतल्यास ते डाळीतील प्रथिनाप्रमाणे पचून जाते. म्हणून संशोधकांना ते वाफाऱ्याने देण्याचा किंवा त्याचे दीर्घायुषी रूप बनविण्याचा प्रयत्न करावा लागला. 'नैसर्गिक पेप्टाइडयुक्त' चूर्णाची कल्पना करणाऱ्या आमच्या फार्मसीचालक मित्रांनी या एका वाक्यावरच थांबून विचार करावा.

बांधावरचा खुळखुळा

आता 'प्रतिबंध होतो' हे विधान कोठून आले, ते पाहू. ही पेप्टाइडे ज्या प्रयोगांत गुणकारी ठरली, त्यांतील पुष्कळसे प्रयोग उंदरांवर झाले. उंदरात हा रोग निर्माण करण्याची एक प्रचलित रीत म्हणजे 'मोनोक्रोटॅलिन' नावाचे विष एकदाच टोचणे. तीनचार आठवड्यांत त्याच्या फुप्फुसधमन्या जाड होतात आणि उजवे हृदय फुगते. हे विष येते 'क्रोटॅलॅरिया' या वनस्पतिकुळातून, म्हणजे ज्याच्या वाळलेल्या शेंगा वाजतात म्हणून मुले ज्याला खुळखुळा म्हणतात, त्याच्या कुळातून. आपल्या शेतातील ताग याच कुळातला. चरकाचार्यांनी सोळा मूलिनी द्रव्यांत गणलेली आणि वमनासाठी सांगितलेली शणपुष्पीही बहुतेक अभ्यासक याच कुळात मानतात. अर्थात या कुळातील प्रत्येक जातीत हेच विष असते असे नाही. परंतु त्याच वर्गातील अल्कलॉइडे अनेक जातींत आढळली आहेत. १९६७ मध्ये के, हॅरिस आणि हीथ यांनी या कुळातील एका जातीच्या बिया उंदरांना खाऊ घालून फुप्फुसीय रक्तदाबवृद्धी उत्पन्न केली आणि तेव्हापासून ही रीत संशोधनात रूढ झाली.

आता प्रयोगाची मांडणी पाहावी. 'प्रतिबंधक' म्हटल्या जाणाऱ्या प्रयोगात विष ज्या दिवशी टोचले, त्याच दिवसापासून किंवा त्याच्या जवळपास औषध सुरू केले जाते. विषाचा दिवस ठाऊक, मात्रा ठाऊक, प्राणी तरुण आणि निरोगी. अशा वेळी विषाचा यकृतातील विपाक रोखणारे, सूज कमी करणारे किंवा धमनी सैल करणारे कोणतेही द्रव्य थोडाफार गुण दाखवू शकते. ते रोगाचा प्रतिबंध करते, की त्या एका विषाचा उतारा ठरते, हे एवढ्याने कळत नाही. सुश्रुतोक्त षट्क्रियाकालांच्या भाषेत सांगायचे, तर येथे संचयाच्या पहिल्या दिवशीच चिकित्सा चालू होते. आपल्याकडे येणारा रुग्ण मात्र व्यक्तीच्या किंवा भेदाच्या अवस्थेत येतो. त्याच्या रोगाचा पहिला दिवस त्याला ठाऊक नसतो आणि आपल्यालाही नसतो. उंदरात या रीतीने गुण दाखविलेली अनेक द्रव्ये मनुष्यात निष्प्रभ ठरली, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

आमचा प्राणिप्रयोगांना विरोध नाही. अनुमानाला ते आधार देतात. परंतु अनुमान हे एक प्रमाण आहे, प्रत्यक्षाची जागा ते घेऊ शकत नाही. ज्या धूमावरून आपण अग्नीचे अनुमान करतो, तो धूमच जर प्रयोगशाळेत मुद्दाम उत्पन्न केलेला असेल, तर निष्कर्ष काढताना दुप्पट सावधगिरी हवी.

मनुष्यात काय घडले

२००३ मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड वाफाऱ्याने देऊन आठ रुग्णांत उत्तम गुण आल्याचे प्रसिद्ध केले. त्या वृत्ताने मोठी आशा निर्माण झाली. २००८ मध्ये वीस रुग्णांना त्याची एकेक मात्रा देऊन निरीक्षण केले गेले, तेव्हा फुप्फुसधमन्या सैल झाल्या खऱ्या, परंतु अल्प प्रमाणात आणि अल्प काळ. पुढे अधिक रुग्णांवर तुलनात्मक पद्धतीने झालेल्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही. कोविडच्या साथीत हेच पेप्टाइड 'ॲव्हिप्टाडिल' या नावाने श्वसन खालावलेल्या रुग्णांसाठी पुढे आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचाही उपयोग सिद्ध झाला नाही.

आठ रुग्णांवरील पहिले वृत्त खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. ते अपुरे होते. आपल्या त्रैमासिकातही पाचदहा रुग्णांच्या अनुभवावर लिहिलेले लेख येतात आणि आम्ही ते आस्थेने छापतो. फरक इतकाच की, व्हिएन्नाच्या त्या आठ रुग्णांनंतर कोणीतरी पुढची, अधिक कठोर परीक्षा घेतली आणि प्रतिकूल निष्कर्षही जाहीर केला. आपल्या किती कल्पांच्या बाबतीत ही दुसरी पायरी चढली गेली, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारत आहोत.

याउलट एका यशाचाही उल्लेख करावयास हवा. २००० मध्ये आनुवंशिक प्रकारच्या या रोगात 'बीएमपीआर२' या जनुकातील दोष सापडला. त्या धाग्यावरून धमनीच्या भिंतीतील वाढीचे आणि रोधाचे संदेश कसे बिघडतात, हे उलगडत गेले. २०१५ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी 'बीएमपी-९' हे प्रथिन देऊन प्राण्यांतील रोग माघारी वळविल्याचे दाखविले. त्याच विचारातून सिद्ध झालेले 'सोटाटरसेप्ट' हे औषध ३२३ रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले. २४ आठवड्यांनंतर औषध घेणारे रुग्ण सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात तुलनेच्या गटाहून सुमारे ४० मीटरने पुढे होते. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत त्यास संमती मिळाली. काटेकोर अर्थाने ते पेप्टाइड नसून मोठे प्रथिन आहे. दर तीन आठवड्यांनी ते त्वचेखाली टोचावे लागते. नाकातून रक्त येणे, हिमोग्लोबिन वाढणे, रक्तातील प्लेटलेट कमी होणे असे त्याचे उपद्रवही आहेत. जनुकदोष सापडल्यापासून औषधास संमती मिळेपर्यंत २४ वर्षे गेली. आणि इतके होऊनही ते औषध रोग झालेल्यांसाठी, इतर औषधांच्या जोडीला आहे. रोग न झालेल्यांना प्रतिबंध म्हणून द्यावे, असे कोणी म्हटलेले नाही.

त्या मुलास काय सांगावे

पहिल्या पत्रातील मुलाचा प्रश्न येथे पुन्हा येतो. त्याची भीती खरी आहे. तिची थट्टा होऊ नये. प्रथम त्याच्या आईचा रोग कोणत्या प्रकारचा, हे विचारावे. तो हृदयाच्या झडपेमुळे, जुनाट श्वासरोगामुळे किंवा गुठळ्यांमुळे असेल, तर मुलाला तो वारशाने येईल असे मानण्याचे कारण नाही. तो आनुवंशिक प्रकारचा असेल, तर तज्ज्ञांकडून जनुकतपासणी व नियमित इको यांचा सल्ला घ्यावा. बीएमपीआर२ चा दोष असलेल्या सर्वांना रोग होतोच असे नाही. अभ्यासांत स्त्रियांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना आणि पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांना तो झाल्याचे आढळले. म्हणजे दोष असलेल्या शंभर पुरुषांना आयुष्यभर इंजेक्शने दिली, तर त्यांतील बहुसंख्य व्यक्ती न होणाऱ्या रोगासाठी ती घेत राहतील. निरोगी मनुष्याला औषध देताना ते रुग्णाला देण्याहून अधिक निर्दोष असावे लागते. प्रयोगावस्थेतील पेप्टाइडांची ती परीक्षा झालेली नाही.

'केवळ संशोधनासाठी' असे लिहून परस्पर विकल्या जाणाऱ्या पेप्टाइडच्या कुप्यांविषयी तर शंकेस जागाच नाही. त्यांची शुद्धता, निर्जंतुकता किंवा मात्रा यांची हमी कोणी घेतलेली नसते. अशी कुपी कोणत्याही सभासदाने रुग्णास देऊ नये आणि ठेवूही नये. ते आपल्या शास्त्राचे औषध नाही आणि त्या शास्त्राचेही अद्याप झालेले नाही.

फार्मसीचालकांस विनंती

दुसऱ्या पत्राचे उत्तर स्पष्ट आहे. असे छापू नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात हृदयरोग व रक्तदाब यांचा समावेश आहे. शिवाय आयुर्वेदीय पेटंट औषधाच्या कायदेशीर व्याख्येतून सुईने दिली जाणारी औषधे वगळलेली आहेत. परंतु कायद्याचे भय हे आमच्या नकाराचे मुख्य कारण नाही. तो शब्द वाचून एखादी धाप लागणारी स्त्री इको करून घेण्याऐवजी तीन महिने डबी संपवत बसेल, हे आहे. तिचे ते तीन महिने कोणत्याही विक्रीतून परत मिळत नाहीत.

फार्मसीचालकांकडून आमची खरी अपेक्षा निराळी आहे. १९७५-७६ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, आता छत्तीसगडमध्ये असलेल्या सरगुजा जिल्ह्यात जलोदर आणि यकृतविकाराची साथ आली. ६७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतील २८ दगावले. शोधाअंती कारण निघाले ते गोंदली या भरड धान्यात मिसळलेल्या क्रोटॅलॅरियाच्या बिया. मनुष्यात ही विषे प्रामुख्याने यकृतातील शिरा बुजवितात. उंदराच्या फुप्फुसावर घाव घालणारे मोनोक्रोटॅलिनही याच वर्गातले. आपल्या व्यवहारातील हस्तिशुंडीतही या वर्गातील अल्कलॉइडे आहेत. म्हणून शणपुष्पी, हस्तिशुंडी यांसारखी द्रव्ये घेताना जाती निश्चित करणे, भरडीतील परक्या बिया वेचून काढणे, पोटात घेण्याच्या दीर्घकालीन कल्पांत त्यांचा वापर टाळणे आणि शंका आल्यास प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे, हे आपले प्रतिबंधाचे खरे काम आहे. चरकाने ते द्रव्य वमनासाठी, म्हणजे एकवार आणि वैद्याच्या देखरेखीखाली सांगितले होते. रोज सकाळी चमचाभर घेण्यासाठी नव्हे. कोणत्याही कल्पाचा संशयास्पद उपद्रव दिसल्यास नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानातून चालणाऱ्या औषधदक्षता यंत्रणेकडे कळविण्यास संकोच करू नये.

मेदोहर कल्प बनविणाऱ्यांनी तर हा इतिहास विसरूच नये. १९६५ नंतर स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व पश्चिम जर्मनीत 'अमिनोरेक्स' हे भूक मारणारे औषध विक्रीस आले आणि पाठोपाठ या रोगाचे रुग्ण वाढले. १९६८ मध्ये ते मागे घेतल्यावर लाट ओसरली. वजन उतरविण्यासाठी दिली जाणारी फेनफ्लुरामिन व डेक्सफेनफ्लुरामिन ही औषधे १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतली गेली. या रोगाच्या प्रतिबंधाचे ते एक निर्विवाद उदाहरण, आणि त्यात औषध देण्याचा नव्हे, औषध थांबविण्याचा भाग होता.

'आमच्याकडे हे होतेच'

ज्येष्ठ वैद्यांच्या पत्राविषयी आम्ही आदरपूर्वक मतभेद नोंदवितो. प्राणवह स्रोतसाचे मूळ हृदय आणि महास्रोतस असल्याचे चरकाने सांगितले, हे खरे. आतड्यात सापडलेले पेप्टाइड फुप्फुसधमनीवर कार्य करते, हेही खरे. परंतु पहिल्या विधानातून दुसरे निघत नाही. सैद यांनी शोध फुप्फुसापासूनच आरंभिला होता. आतडे हे ते द्रव्य विपुल मिळण्याचे स्थान होते. समजा, उद्या ते पेप्टाइड पूर्णपणे निष्फळ ठरले, तर आपण चरकाचे वचनही निष्फळ मानणार काय? नाही ना? मग आज त्याच्या आशेवर वचनाचे श्रेय घेण्याचेही कारण नाही. संहितांचा गौरव त्यांच्या निदानपद्धतीत आहे. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे संक्षिप्त सार सुश्रुतसंहितेने सांगितले आहे. ते या रोगात पेप्टाइडावाचूनही आजच आचरता येते.

आपल्या हातचे निदानपरिवर्जन

आपल्या देशात फुप्फुसीय रक्तदाबवृद्धीची कित्येक कारणे टाळता येण्याजोगी आहेत. बालपणी घसा व सांधे धरून आलेला आमवाती ज्वर हृदयाची झडप आकसवितो आणि कालांतराने फुप्फुसातील दाब वाढवितो. अशा मुलास ठरावीक अंतराने पेनिसिलिनची सुई चालू असेल, तर ती बंद करण्याचा सल्ला कोणत्याही वैद्याने देऊ नये. तापातील सांधेदुखी हा नेहमीचा आमवात समजून हृदय तपासल्याविना सोडू नये. चुलीच्या धुराने जीर्ण झालेला कास आणि तमाखूचे व्यसन यांवर आपला शब्द घरात ऐकला जातो. तो खर्च करावा. पायाला सूज, अकस्मात धाप आणि छातीत शूळ असा इतिहास असल्यास गुठळीची शंका घ्यावी. त्या जुन्या झालेल्या गुठळ्यांमुळे वाढलेला दाब काही रुग्णांत शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. विदर्भात व नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या धापेचे कारण केवळ पांडु मानून स्वस्थ बसू नये.

जन्मजात हृदयदोषांबाबत तर आपले बंधुभगिनी अग्रभागी आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्य काम करतात आणि अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी करतात. त्यांच्या कानाला लागलेला एक हृत्शब्द योग्य जागी पोहोचला, तर एका मुलीचा हा रोग तीस वर्षे आधीच टळतो. प्रतिबंध हा शब्द जेथे निःशंकपणे लिहावा, अशी ही जागा आहे.

ज्यांना रोग झालाच आहे, त्यांच्याबाबत आमचे म्हणणे थोडक्यात असे. सिल्डेनाफिल, बोसेन्टान किंवा मूत्रल औषधे आपल्या सल्ल्याने बंद करू नयेत. बोसेन्टानने यकृतावर भार येतो, म्हणून त्यासोबत आपले कल्प देताना त्यांच्या तज्ज्ञांस कळवावे. गर्भधारणा या स्त्रियांच्या जिवावर बेतू शकते. आपल्याकडे वंध्यत्वाची चिकित्सा घेण्यास आलेल्या स्त्रीला धाप असेल, तर प्रथम हृदय पाहावे. आणि पांडु सुधारला तरी धाप राहिली, फुप्फुस स्वच्छ असूनही श्वास लागला, श्रमाने मूर्च्छा आली, ओठ निळसर झाले, गळ्यातील शिरा फुगल्या, तर कल्प बदलण्यापूर्वी इको करून घ्यावा.

पेप्टाइडांचे संशोधन चालू राहो. त्यातून एखादे दिवशी खरोखर प्रतिबंधक औषध निघाले, तर आम्ही याच पानावर त्याचे स्वागत करू आणि आपले आजचे मत सुधारू. तोपर्यंत तो शब्द आपण कोणास उसना देऊ नये, परक्या कुपीला नाही आणि स्वतःच्या डबीलाही नाही.

त्या शिक्षिका अद्याप तज्ज्ञांच्या उपचारांखाली आहेत. शाळेने त्यांचा वर्ग तळमजल्यावर आणला आहे. आहारविहार व अग्नीसाठी त्या आजही आमच्याकडे येतात. आता आमच्या खोलीत प्रथम येणाऱ्या प्रत्येक धापेच्या रुग्णास आम्ही एक प्रश्न विचारतो: गेल्या वर्षी किती पायऱ्या चढता येत होत्या, आणि आज किती? उत्तर लिहून ठेवतो आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारतो. सभासदांनीही आपल्या रुग्णपत्रिकेत त्यासाठी एक ओळ राखावी, एवढी आमची विनंती आहे.